लोअरिंग स्प्रिंग टाकल्यावर मागचा शॉक परत परत लीक होतोय, कॉइलओव्हर घेऊ का? आधी ट्रॅव्हल मोजा

हा प्रॉब्लेम पोलोवाल्यांकडे सगळ्यात जास्त बघितलाय म्हणून चाकणला बनलेली आपली पोलो धरूनच लिहितोय, पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असलेल्या कुठल्याही हॅचबॅकला, म्हणजे स्विफ्ट झाली, आय ट्वेंटी झाली, हेच गणित लागू पडतं. गोष्ट साधारण अशी असते. लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी ४० एमएम खाली घेतली, शॉक कंपनीचेच ठेवले, सुरुवातीला गाडी दिसायला भारी आणि वळणात एकदम चिकटून चालते. मग एक दिवस मागे तिघं बसले की ब्रेकरवर धप्प असा आवाज यायला लागतो. नंतर मागच्या एका शॉकवर तेल दिसतं, तो बदलला की काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूचा जातो, तो बदलला की परत पहिला. गॅरेजवाला म्हणतो शॉकची क्वालिटी राहिली नाही, मित्र म्हणतात कॉइलओव्हर टाक, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकचा सेट, विषय संपेल. शॉकची क्वालिटी बहुतेक वेळा ठीकच असते, आणि कॉइलओव्हर टाकून विषय संपेलच असंही नाही, कारण मूळ आजार आहे बम्प ट्रॅव्हलचा, म्हणजे गाडी उभी असताना शॉकला वर दबायला किती एमएम जागा उरलीय त्याचा.

थोडं गणित करू, आकडे समजण्यापुरते आणि गोल घेतोय. समजा पुढच्या एका स्प्रिंगवर ३०० किलो वजन आहे आणि स्टॉक स्प्रिंग ३ किलो प्रति एमएमची आहे, म्हणजे नुसती गाडी उभी असतानाच ती १०० एमएम दबलेली असते. बम्प स्टॉप म्हणजे शॉक पूर्ण दबायच्या आत त्याला अडवणारं रबर, त्याच्यापर्यंत अजून ७५ एमएम जागा आहे असं धरा. मग त्या रबरापर्यंत पोचायला खड्ड्याने ७५ गुणिले ३ म्हणजे २२५ किलो जास्तीचा धक्का द्यायला लागतो. आता लोअरिंग स्प्रिंग टाकली, ती २० टक्के कडक आहे म्हणजे ३.६ ची, पण गाडी ४० एमएम खाली आल्यामुळे जागा उरली ३५ एमएम. ३५ गुणिले ३.६ किती होतात, तर १२६ किलो. म्हणजे स्प्रिंग कडक होऊनसुद्धा गाडी जवळजवळ निम्म्या धक्क्यात रबरावर जाऊन आपटते. दुकानात कोणी हे सांगत नाही, तिथे फक्त "कडक आहे, आपटणार नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

मागे तर अजून वाईट. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर वजन कमी असतं म्हणून मागच्या स्प्रिंग मऊ असतात, आणि आपल्याकडे गाडी रिकामी फिरते कधी? मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा, एका चाकावर सहज १०० किलो वाढतात. स्प्रिंग २.५ ची असेल तर त्या १०० किलोने गाडी अजून ४० एमएम बसते. आधी ४० खाली घेतलेली, वर हे ४०, म्हणजे गणपतीला गावाला निघालेली गाडी घराच्या पार्किंगमध्येच बम्प स्टॉपवर टेकलेली असते आणि मग पुढचा सगळा प्रवास ती रबरावर करते. शॉक त्याच्या स्ट्रोकच्या, म्हणजे दबण्या-उघडण्याच्या एकूण अंतराच्या, अगदी शेवटच्या टोकाला कमी जागेत भराभर हलत राहतो, प्रत्येक खड्ड्याला रबर चेपून ठोका शॉकच्या डोक्यावर आणि रॉडवर बसतो, आणि त्यात बसवताना कोणी डस्ट बूट, म्हणजे रॉडवरचं धूळ अडवणारं कव्हर, काढून फेकला असेल तर रॉडला चिकटलेली धूळ थेट सीलमध्ये जाते. मग सील जाणारच. म्हणून मागचा शॉक पुढच्याच्या आधी जातो.

आता स्वतःच्या गाडीत हे कसं तपासायचं. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे केबल टाय. शॉकचा डस्ट बूट वर सरकवा, चकचकीत रॉड दिसेल, त्यावर एक बारीक केबल टाय बांधा, हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट, आणि तो खाली शॉकच्या बॉडीला टेकवून ठेवा. रोजच्या रस्त्याने फिरून या, नेहमीचे ब्रेकर, नेहमीचे खड्डे, नेहमी असतात तेवढी माणसं. परत आल्यावर टाय रॉडवर जिथे सरकलेला दिसेल तिथपर्यंत शॉक दबला होता. तिथून बम्प स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंत किती अंतर उरलं ते पट्टीने मोजा. २० एमएम उरलं तर गाडी तब्येतीत आहे. टाय रबरापर्यंत जाऊन भिडला असेल किंवा रबरात घुसून तुटला असेल तर उत्तर मिळालं, आता ब्रँड बदलून काही फरक पडणार नाही. हे आधी माणसं नसताना आणि मग माणसं भरून, दोन्ही वेळा करा, कारण बऱ्याच गाड्या रिकाम्या पास होतात आणि भरल्या की नापास. एक अडचण आहे, बिलस्टीन या शॉकच्या ब्रँडच्या काही मोनोट्यूब (एकाच नळीच्या) स्ट्रटमध्ये रचना उलटी असते, तिथे रॉड बाहेर दिसतच नाही, मग बम्प स्टॉपवर नवीन घासल्याच्या खुणा आहेत का ते उघडून बघायला लागतं.

लीक बघताना पण घाई करू नका. शॉकच्या वरच्या भागात पातळ ओलसर थर असेल आणि त्यावर धूळ बसून काळपट झाली असेल तर तो नुसता घाम आहे, रॉड आतबाहेर होताना थोडं तेल घेऊन येतोच. पुसा आणि पंधरा दिवसांनी परत बघा. तेल ओघळून खालच्या टोकापर्यंत आलं असेल, थेंब धरत असेल, तर तो गेला. घामाला लीक म्हणून चांगले शॉक बदलून दिलेले लोक भरपूर आहेत.

आवाजांचं थोडं सांगतो कारण निम्मे लोक चुकीचा पार्ट बदलतात. मोठ्या ब्रेकरवर एकदाच धप्प असा जड आवाज आला तर बम्प स्टॉप. बारीक खडबडीत रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर, सतत खडखड असेल तर आधी लिंक रॉड बघा, म्हणजे अँटी रोल बारला (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) सस्पेन्शनशी जोडणारी छोटी कांडी, गाडी खाली आली की त्या बारचा कोन बदलतो आणि जुन्या लिंक रॉडचे जॉइंट लवकर बोलायला लागतात. स्टीअरिंग जागेवर फिरवताना टंग किंवा खर्रर्र असा आवाज आला तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग किंवा स्प्रिंगचं टोक खाचेत नीट न बसणं, स्प्रिंग वळते, अडकते आणि मग सटकन सुटते. ब्रेकर उतरताना, म्हणजे चाक खाली लोंबकळतं तेव्हा, खट्ट आवाज आला तर स्प्रिंग सैल होतेय.

हे शेवटचं जरा नीट समजून घ्या, कारण यात धोका आहे. ३०० किलोच्या वजनाखाली ३.६ ची स्प्रिंग साधारण ८३ एमएम दबते. पण गाडी खाली घेतल्यामुळे त्याच लांबीच्या स्टॉक शॉकला आता खाली उघडायला आधीपेक्षा ४० एमएम जास्त जागा मिळालीय. चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंगची लांबी संपते आणि शॉक अजून उघडतच असतो, स्प्रिंग तिच्या कपात, म्हणजे ती बसते त्या वाटीत, मोकळी होते. चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंगला एका टोकाला वेटोळी अगदी जवळ जवळ असतात ती यासाठीच, उभ्या गाडीत ती चिकटून बसतात आणि चाक लटकलं की उघडून जागा भरून काढतात. ग्राइंडरने वेटोळं कापून गाडी खाली करणारे किंवा गॅसवर तापवून स्प्रिंग खाली दबवणारे अजूनही आहेत, तिथे हे काहीच नसतं, कापलेलं टोक कपात बसत नाही आणि तापवलेलं पोलाद नंतर आपोआप बसत जातं, कधीतरी तुटतं. हे कितीही स्वस्तात होत असलं तरी करू नका, ताम्हिणीच्या उतारावर स्प्रिंग कपातून निसटली तर काय होईल याचा विचार करा.

आता मूळ प्रश्न, स्प्रिंग का कॉइलओव्हर.

गाडी २५-३० एमएमच खाली हवी असेल, रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एखादा हायवे एवढाच वापर असेल, आणि एकदा बसवलं की परत हात लावायचा नसेल, तर माझं स्पष्ट मत लोअरिंग स्प्रिंगच घ्या, पण त्याच्याबरोबर लोअर केलेल्या गाडीसाठी बनवलेले छोट्या स्ट्रोकचे शॉक घ्या. बिलस्टीनमध्ये बी सहा हा स्टॉक उंचीसाठी आणि बी आठ हा खाली घेतलेल्या गाडीसाठी असा फरकच केलेला आहे, आणि आयबाक स्प्रिंग अधिक बी आठ असा जोडीचा सेट बी बारा नावाने येतो. जोडी घ्यायचं कारण असं की कंपनीच्या शॉकचं व्हॉल्व्हिंग, म्हणजे आतल्या तेलाला अडवायची सेटिंग, कंपनीच्या मऊ स्प्रिंगसाठी केलेलं असतं, कडक स्प्रिंग दबून परत उसळते तेव्हा तिला धरून ठेवायला त्याचं रिबाउंड, म्हणजे उघडतानाचा अडथळा, कमी पडतं, गाडी एका उंचवट्यावर दोन-तीन वेळा डुलते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग बाउन्सी आहे, पण दमलेला शॉक असतो. आणि गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली असेल तर जुन्या शॉकवर नवीन स्प्रिंग टाकून लेबर दोनदा कशाला द्यायचं, उघडायचं एकदाच.

कॉइलओव्हर कधी? गाडी ४० एमएमपेक्षा जास्त खाली न्यायची असेल, किंवा चारही कोपरे वेगवेगळे सेट करायचे असतील, किंवा ट्रॅकवर जायचं असेल. फायदा नुसता उंची कमी-जास्त करता येते हा नाही, खरा फायदा हा की शॉकची बॉडीच छोटी असते त्यामुळे गेलेला ट्रॅव्हल थोडा परत मिळतो आणि स्प्रिंग जास्त कडक असते. तेच गणित परत करा, ६ किलोची स्प्रिंग आणि ५५ एमएम बम्प ट्रॅव्हल, म्हणजे रबरापर्यंत जायला ३३० किलो. स्टॉकच्या २२५ पेक्षाही जास्त. पण याची किंमत पाठ आणि कंबर देते. १०० एमएम दबलेली स्प्रिंग गाडीला सेकंदाला साधारण दीड वेळा डोलवते, ५० एमएम दबलेली सव्वादोन वेळा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हा फरक पहिल्या चौकात कळतो. घरात एकच गाडी असेल तर आधी कोणाच्या तरी कॉइलओव्हरवाल्या गाडीत मागच्या सीटवर बसून तासभर फिरून या आणि मग पैसे द्या.

विकत घेताना कीटमध्ये काय ॲडजस्ट होतं ते नीट विचारा, कारण कॉइलओव्हर या एकाच नावाखाली बरंच काही विकलं जातं. केडब्ल्यू या ब्रँडचं उदाहरण घ्या, व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची, २ मध्ये उंची आणि रिबाउंड, ३ मध्ये रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचा अडथळा) वेगवेगळं. बिलस्टीनच्या बी चौदामध्ये फक्त उंची आणि बी सोळामध्ये डॅम्पिंगच्या, म्हणजे शॉकच्या एकूण अडथळ्याच्या, १० पायऱ्या. उंची कशी बदलते हेही महत्त्वाचं. काही कीटमध्ये फक्त स्प्रिंगखालची कॉलर, म्हणजे तिला टेकू देणारी रिंग, फिरते, ती खाली घेतली की शॉक तेवढा जास्त दबलेला राहतो आणि ट्रॅव्हल खाल्ला जातो, म्हणजे आपण परत होतो तिथेच आलो. काहींमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्याने शॉकचा स्ट्रोक तसाच ठेवून उंची बदलता येते, अर्थात टायर फेंडरच्या आतल्या लायनरला लागेपर्यंतच. आणि पोलोच्या मागे एक गोष्ट कोणी सांगत नाही, मागची स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी बसतात, त्यामुळे तिथे काहीही घेतलं तरी उंची स्प्रिंगच्या कपावरच बदलते आणि जितकं खाली न्याल तितका मागचा बम्प ट्रॅव्हल कमी होणारच. म्हणून ज्यांनी मागच्या शॉकच्या त्रासाला कंटाळून कॉइलओव्हर घेतले आणि दिसायला परत मागून एकदम खाली सोडले त्यांचा त्रास तसाच राहिला. कॉइलओव्हर टाका पण मागची उंची स्टॉकपेक्षा २५-३० च कमी ठेवा, आणि माणसं भरून केबल टायची टेस्ट परत करा.

कॉइलओव्हर बसवल्यावर जे कायम होतं ते पण सांगून ठेवतो. स्प्रिंग पूर्ण लटकलेल्या स्थितीत हाताने वर-खाली हलत असेल तर ती सैल आहे, तिथे बारीक हेल्पर स्प्रिंग लागते, पण ती कीटवाल्याला विचारूनच टाका. कॉलर घट्ट करून खूप प्रीलोड देणे, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणे, हा त्यावरचा इलाज नाही, त्याने लटकण्याचा ट्रॅव्हल जातो आणि ब्रेकर उतरताना चाक हवेत राहतं. कॉलर जागेवर अडकवून ठेवणारी लॉक रिंग सैल झाली की हळूहळू एक कोपरा बसतो, म्हणून बसवल्यावर कॉलर आणि बॉडीवर पेंट मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की कॉलर फिरली. उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, नाहीतर टायरमधल्या हवेचा फरक त्यात येतो. आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कॉलरच्या धाग्यांची, म्हणजे आट्यांची, काळजी घ्या, पावसाळाभर लाल चिखल कॉलरच्या धाग्यांमध्ये बसतो आणि दिवाळीपर्यंत सी पान्याने पण हलत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर नायलॉनचा ब्रश आणि पाण्याने धुवायचं, सुकवायचं, मग कोरडं ल्युब मारायचं. साधं ग्रीस फासू नका, त्यात वाळू धरते आणि कॉलर फिरवली की धागे खाते.

डॅम्पिंगचा नॉब असेल तर आधी पूर्ण कडक बाजूला नेऊन तिथून मागे क्लिक मोजत या, चारही शॉकचे आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. सुरुवात मऊ बाजूकडून करा. आपल्या रस्त्यांवर लोक पहिल्याच दिवशी कडक करतात आणि मग गाडी खड्ड्यांवरून उड्या मारत जाते, चाक रस्त्यावर टिकत नाही. रिबाउंड जास्त असेल तर अजून एक गंमतीशीर पण त्रासदायक गोष्ट होते, टोलनाक्याआधीच्या रम्बलर पट्ट्यांसारख्या ओळीने आलेल्या धक्क्यांवर शॉक परत उघडायच्या आत पुढचा धक्का येतो, गाडी प्रत्येक पट्टीला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटच्या पट्टीवर धप्प. म्हणजे बम्प स्टॉपचाच आवाज, पण कारण क्लिकमध्ये. दोन क्लिक मऊ करून त्याच पट्ट्यांवरून परत जाऊन बघा. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटचे सांधे याच्या उलट टेस्ट आहेत, तिथे बारीक टक टक सीटपर्यंत येत असेल तर कम्प्रेशन कडक आहे किंवा टायरमध्ये हवा जास्त आहे, आधी हवा बघा.

बसवतानाची एकच चूक मी सगळ्यात जास्त गॅरेजमध्ये बघितलीय. कंट्रोल आर्मचे (चाक गाडीशी जोडणारे खालचे आर्म) आणि मागच्या बीमचे रबरी बुशवाले बोल्ट गाडी जॅकवर असतानाच, चाकं लटकलेली असतानाच, फुल टाइट करतात. रबर त्या लटकलेल्या कोनात पकडलं जातं, मग गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. वर त्या पिळलेल्या रबरामुळे गाडी दाखवलेल्या उंचीवर बसत पण नाही. ज्या बोल्टना हात लावला ते नुसते बसवून घ्यायचे आणि गाडी रॅम्पवर, चाकांवर वजन असताना टॉर्क रेंचने कसायचे. मेकॅनिकला आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. पोलोच्या पुढे स्ट्रट नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या, क्लॅम्पमध्ये पूर्ण खालपर्यंत गेलाय का तेही बघून घ्या, थोडा वर राहिला तर एक बाजू उंच दिसते आणि लोक कॉलर फिरवत बसतात.

मग अलाइनमेंट. उंची बदलली की पुढचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बदलतोच, आणि टो चुकला की टायरची आतली कड खाल्ली जाते, बाहेरून दिसत पण नाही. स्प्रिंग दोन-तीनशे किलोमीटर चालवून बसू द्या, मग अलाइनमेंट करा, आणि कॉइलओव्हरची उंची बदलली की दर वेळी परत करा. हेडलाइटचा लेव्हल पण त्याच दिवशी बघून घ्या. आणि गाडी इतकी खाली नेऊ नका की पुढचे खालचे आर्म चाकाच्या बाजूने वर चढलेले दिसतील. तसं झालं की रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि गाडी वळणात उलट जास्त झुकायला लागते, पैसे हँडलिंगसाठी घातले आणि हँडलिंगच गेलं. आर्म साधारण आडवे राहतील तिथे थांबा.

ब्रेकरचा हिशोब पण डोक्यात ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा, तसा असला तर १६५ एमएमच्या आसपास क्लिअरन्स असलेली पोलो ४० खाली घेऊनही माणसांसकट सावकाश निघते. पण गावोगावी जे अरुंद आणि उभट ब्रेकर घातलेत ते कुठल्याच मापात नाहीत, तिथे तिरपी घेऊनच काढायला लागते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायला बंधन आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते अजून स्पष्ट केलंय, त्यामुळे गाडीत बदल करण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे विचारून घ्या, क्लेमच्या वेळी वाद नको.

आत्ता ज्यांचा मागचा शॉक दुसऱ्यांदा गेलाय त्यांनी लगेच कॉइलओव्हर ऑर्डर करू नका. नवीन शॉक बसवताना डस्ट बूट आणि न कापलेला बम्प स्टॉप दोन्ही बाजूला नवीन टाका, केबल टाय बांधा, घरच्यांना घेऊन एक चक्कर मारा. टाय रबराला भिडला तर मागची स्प्रिंग कमी ड्रॉपची घ्या, १५-२० एमएम वर आलेली गाडी दिसायला फारशी वेगळी दिसत नाही. त्यानंतरही भिडत असेल तर माणसं किती होती, टाय कुठे थांबला आणि स्प्रिंगचा ड्रॉप किती आहे हे तीन आकडे लिहा, मग कॉइलओव्हरमध्ये किती किलोची स्प्रिंग लागेल ते बघता येईल.